आप्पा कळंबटे यांचे तक्रारनिवारण

आप्पा कळंबटे यांच्या ओटीवरील राउटरला लोकरीचा झगा आहे. तो विणला त्यांच्या पत्नी सगुणाबाई यांनी, परंतु आराखडा आप्पांचा: तीन अँटेनांसाठी तीन भोके, दिवे दिसावेत म्हणून समोर एक आयताकृती खिडकी, आणि यंत्र तापते असे कुणीतरी सांगितल्यावर मागाहून कातरलेले एक ओबडधोबड छिद्र. राउटरच्या वरच्या फळीवर सेवानिवृत्तीच्या दिवशी मिळालेले घड्याळ आहे. राउटरच्या खाली, खिळ्याला सुतळीने बांधलेली, दोनशे पानी वही आहे. वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने 'इंटरनेट : तक्रार व निवारण' असे लिहिलेले आहे. यातील शेवटचा शब्द आशेपोटी आलेला नाही. चौतीस वर्षे असल्याच वह्यांवर तो लिहिला गेला, म्हणून याही वहीवर लिहिला गेला.

ही चौतीस वर्षे आप्पांनी मुंबईत एका सरकारी कचेरीच्या अभिलेख विभागात काढली. तेथे ते हेडक्लार्क होते, आणि तेथून हातखंब्याच्या आतल्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीत परत येताना त्यांनी निवृत्तिवेतनाबरोबर एक सिद्धान्तही आणला. तो असा की बिघाड नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर असतो. आपल्या टेबलाचे काम एवढेच, की त्या बिघाडाची तारीखवार नोंद घ्यावी, त्याला क्रमांक द्यावा आणि तो पुढे पाठवावा. नोंद झाली की प्रश्नाचा निम्मा भार उतरतो. उरलेला निम्मा भार ज्याच्यावर पडतो तो आप्पांच्या दृष्टीने कामचुकार असतो, मग तो कुणीही असो.

इंटरनेटची केबल वाडीत आली त्याला पाच वर्षे झाली. पहिली जोडणी आप्पांनी घेतली आणि त्या दिवसापासून ते या विषयातील अधिकारी पुरुष ठरले. त्यांचे उपचार ठरलेले होते. यंत्र बंद करावे आणि एकशे आठ आकडे मोजून पुन्हा सुरू करावे. शंभरापर्यंत मोजून का चालत नाही, हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती. तिन्ही अँटेना हातखंब्याच्या मोबाइल टॉवरकडे वळवाव्यात. वास्तविक त्या टॉवरचा आणि जमिनीवरून खांबाखांबाने येणाऱ्या केबलचा काडीचा संबंध नव्हता. दर सोमवारी पासवर्ड बदलावा, कारण शेजारचा बाबल्या आपला सिग्नल चोरतो असा त्यांना दृढ संशय होता. बाबल्याकडे त्या वेळी बटणांचा फोन होता. वाडीतल्या आणखी सहा घरांनी जोडणी घेतली, तेव्हा त्या सहाही घरांत आप्पांचे एकशे आठ आकडे गेले, टॉवरकडे वळलेल्या अँटेना गेल्या आणि दोन घरांत लोकरीचे झगेसुद्धा गेले. अज्ञानाचा प्रसार एवढ्या शिस्तीने क्वचितच झाला असेल.

आता ज्या वास्तूत हे सर्व घडले तिची रचना सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आप्पांचे घर पश्चिमाभिमुख आहे. समोरची ओटी कंबरेइतक्या चिऱ्याच्या भिंतीवर थेट कौलांपर्यंत मोकळी आहे. तिच्यासमोर अंगण, आणि अंगणापलीकडे, अठरा पावलांवर, सहा वर्षांपूर्वी बांधलेली एक सुटी खोली. मुलगा विनोद मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला येतो, त्याच्यासाठी ती बांधली. तिला घरात अजून 'नवी खोली' म्हणतात. कोकणात पाऊस सरळ पडत नाही. तो समुद्राकडून आडवा येतो, आणि पश्चिमेची ओटी उघडी ठेवली तर माजघरापर्यंत तळे साचते. म्हणून पूर्वी सगळ्याच घरांत मृगाच्या आधी नारळाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, विणलेले झाप ओटीला बांधत. आप्पांनी निवृत्त होऊन येताच झाप हद्दपार केले. 'मागासलेपणाचे लक्षण' असे त्यांचे मत होते. त्यांच्या जागी त्यांनी अकरा जस्ती पत्रे करून घेतले, प्रत्येकावर लाल रंगाने क्रमांक घातला, आणि दरवर्षी सहा जूनला ते क्रमाने चढवायचे व नवरात्रात क्रमाने उतरवायचे असा नियम केला; वाडीतली इतर घरेही त्यांच्यामागून पत्र्यांवर आली. या अकरा पत्र्यांवर त्यांचा राउटरहूनही अधिक जीव होता.

यंदा त्या नव्या खोलीत दीपाली बसत होती. दीपाली ही विनोदची बायको. रत्नागिरीच्या कॉलेजातून पदवी घेतलेली, आणि या घरात येऊन तीन वर्षे काजूबिया फोडण्यापलीकडे आपल्या पदवीचा काही उपयोग होईना म्हणून स्वतःच अर्ज करून एक नोकरी मिळवलेली. नोकरी घरबसल्या करायची होती. मिक्सर, पंखे, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी इंटरनेटवरून येणाऱ्या फोनवर ऐकायच्या आणि निवारायच्या. मे ते जुलै हे तीन महिने परीक्षेचे. जुलैच्या शेवटच्या गुरुवारी अकरा वाजता वरिष्ठ बाई स्वतः तासभर तिचे फोन ऐकणार आणि त्यावर कायम करायचे की नाही ते ठरणार, असे तिला कळवलेले होते. मे महिन्यात तिच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र तिचे फोन मध्येच तुटू लागले. जुलै उजाडला तेव्हा तिच्या नावावर दोन लेखी ताकिदी होत्या. तिसऱ्यानंतर परीक्षेचीही गरज उरणार नव्हती.

वाडी खोलगट भागात असल्यामुळे मोबाइलची रेंज रस्त्यावरच्या मोरीपर्यंत चालत गेल्याशिवाय येत नाही. तो मार्ग बंद होता. एक दिवस तिने ओटीवर राउटरशेजारी बसून पाहिले. तेथे सिग्नल उत्तम होता. परंतु तेथे आप्पाही होते, आणि नागपूरचे एक गिऱ्हाईक आपल्या मिक्सरचा आवाज का येतो हे विचारत असताना त्याला फोनमधून आप्पांचे "गुरं शिरली गो परसात, कोण हाय का नाय घरात?" असे ऐकू आले. पहिली ताकीद त्याच दिवसाची होती.

आप्पांनी या प्रकरणात हालचाल केली नाही असे कुणी म्हणू नये. त्यांनी तीन तक्रारी नोंदवल्या. तिन्ही वेळा केबल कंपनीचा माणूस आला, राउटरपासून हातभर अंतरावर उभा राहिला, आपल्या फोनवर वेगाचा काटा फिरवून दाखवला, काटा झकास फिरला, आणि आप्पांची सही घेऊन तक्रार निकाली काढून गेला. ज्या खोलीत बिघाड होता त्या खोलीत पाऊल न टाकता बिघाड मिटवण्याची ही कार्यपद्धती आप्पांना नवीन नव्हती. त्यांनीच ती चौतीस वर्षे राबवली होती. म्हणून ते चिडले, परंतु चकित झाले नाहीत.

"माझ्या फोनवर तर पाचही रेघा दिसतायत," ते राउटरखाली खुर्ची टाकून बसत आणि सुनेला सांगत. "तुझा कॉम्प्युटर बघून घे एकदा."

"आप्पा, तुम्ही एकदा नव्या खोलीत येऊन फोन बघा ना."

"मी कशाला येऊ? जोडणी ओटीवर आहे. तक्रारीची जागा ओटी."

त्यांच्यापाशी एक शास्त्रीय उपपत्तीही होती, आणि ती ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती: पावसात हवेतल्या लहरी भिजतात, जड होतात आणि अंगणात खाली पडतात. सगुणाबाईंनी एकदा भात वाढता वाढता तिला छेद दिला. "अवो, परवा चार दिस उघाडी व्हती. तेवा कुठं चालत व्हतं? पत्रे लागले का जातंय, पत्रे निघाले का येतंय. मी तर दरसाल बघतंय."

"तुला काय कळतं त्यातलं? तू शाळेत किती गेलीस?"

"शाळा कशाला लागते? डोळे हायत."

आप्पांनी आमटी मागितली. ज्या विधानाचे खंडन करता येत नाही त्यावर आमटी मागणे हा त्यांचा जुना प्रघात होता.

परीक्षेच्या आधीच्या सोमवारी त्यांनी प्रकरण स्वतःच्या हाती घेतले. मोबाइलवरच्या कुठल्याशा चित्रफितीत त्यांनी पाहिले होते, की राउटरच्या मागे एक बारीक भोक असते, त्यात टोकदार वस्तू घालून तीस आकडे मोजले की यंत्र कोरेकरकरीत होते. त्यांनी झगा उतरवला. सगुणाबाईंच्या पदराची सेफ्टी पिन मागून घेतली. आणि चित्रफितीतल्या तिसावर विश्वास न ठेवता, सवयीप्रमाणे, एकशे आठ आकडे मोजले. यंत्र खरोखरच कोरे झाले. कंपनीने त्यात भरलेले ग्राहकाचे नाव गेले, सांकेतिक शब्द गेला, सगळी मांडणी गेली. आतापर्यंत एका खोलीत नसलेले इंटरनेट आता संपूर्ण घरात नव्हते. लाल दिवा तेवढा पुन्हा चढवलेल्या झग्याच्या खिडकीतून लुकलुकत राहिला.

दीपालीने बुधवारपर्यंतची रजा मागितली. वरिष्ठ बाईंनी ती दिली, आणि गुरुवारची वेळ बदलणार नाही हेही सांगितले. तिने मोरीपर्यंत चालत जाऊन केबल कंपनीला स्वतः फोन लावला. जो स्वतः तक्रारी ऐकतो त्याला तक्रार कशी सांगावी हे कळते. तिने 'नेट चालत नाही' असे म्हटले नाही. राउटर कोरा झाला आहे, नाव आणि सांकेतिक शब्द पुन्हा भरावे लागतील, आणि ते झाल्यावर येणाऱ्या माणसाने अंगणापलीकडच्या खोलीत येऊन पाहिल्याशिवाय सही मिळणार नाही, एवढे तीन मुद्दे तिने सांगितले आणि पलीकडच्या माणसाकडून ते परत वदवून घेतले.

मंगळवारी दुपारी सुलेमान होडेकर आले. ते पूर्णगडचे. आखातात बारा वर्षे बंदरांच्या इमारतींत केबली टाकून परतलेले, पन्नाशीचे, आणि कुणाच्याही ओटीवर चहा येईपर्यंत बोलायचे नाही असा पण असलेले गृहस्थ. चहा आला. त्यांनी दहा मिनिटांत राउटर पूर्ववत केला, झगा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि विचारले, "ह्याला थंडी वाजते काय?"

"धूळ बसते," आप्पा म्हणाले.

"धूळ बसू द्या. दम कोंडतो त्याचा." मग त्यांनी दीपालीकडे पाहिले. "चला वहिनी, तुमची खोली दाखवा."

"कशाला? इथे चालतंय ना आता?" आप्पांनी वही सोडवून पुढे केली होती. "सही घ्या आणि मोकळे व्हा."

"सही वहिनींची घ्यायला सांगितलीय वरून."

हे वाक्य आप्पांच्या वर्मी लागले असावे, कारण तेही छत्री उघडून मागोमाग निघाले, मात्र पायरीवरच थांबले. सुलेमानभाईंनी फोन तळहातावर आडवा धरला आणि पाण्याचा पेला नेतात तसे ते सावकाश चालू लागले. ओटीवर पाच रेघा. ओटीच्या दाराच्या उंबऱ्यावर चार. दारातून बाहेर पडून पत्र्यांच्या पुढे अंगणात दोन पावले टाकली, आणि एक. पाचव्या पावलाला तीही गेली. ते परत दाराशी आले, चार. पुन्हा पत्र्यांपुढे गेले, शून्य. असे त्यांनी तीनदा केले, जणू एखाद्या हट्टी माणसाला पाढा शिकवावा. नव्या खोलीत कौलांवरून चुकूनमाकून आलेली एक रेघ लागायची आणि विझायची.

ते पायरीशी आले. "आप्पा, राउटरची तब्येत ठणठणीत हाय. बिमार तुमची ओटी हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्याला पेटीत घातलंय. जस्ताच्या. लाकडातून, पाल्यातून, पावसातून तो निघेल. पत्र्यातून नाय निघायचा. भिंतीवर चेंडू मारल्यागत परत तुमच्याकडंच येतो, म्हणून तुमच्या पाच रेघा. एक पत्रा काढा, खोलीच्या खिडकीसमोरचा. नायतर राउटर तिकडं न्या. नायतर वायर टाकू, पण तेवढी वायर शनिवारपर्यंत माझ्याकडं नाय."

तीन मार्ग होते, आणि तिन्ही मार्ग आप्पांच्या अंगणातून जात होते, कंपनीच्या दारातून एकही नाही. येथे त्यांची खरी अडचण होती. राउटर नव्या खोलीत न्यायचा तर जोडणी त्यांच्या नावावर असून सुनेच्या टेबलावर जाते. पत्रा काढायचा तर अकरातला एक कमी होतो. आणि दोहोंपैकी काहीही मान्य केले तर पाच वर्षे लिहिलेली वही स्वतःविरुद्ध लिहिली गेली असे ठरते.

"हे तुमचं म्हणणं झालं," ते म्हणाले. "कंपनीचं म्हणणं लेखी आणा. पुराव्याशिवाय मी पत्र्याला हात लावू देणार नाही."

"फोनवर बघितलंत ना आत्ता?"

"फोन हा पुरावा होत नाही. कागद दाखवा."

सुलेमानभाईंनी दीपालीची सही घेतली. जाताना तिला हळूच म्हणाले, "वहिनी, एवढी वर्षं आखातात काम केलं. लोखंडाच्या गोदामात सिग्नल पोचवला. पण ह्यांच्या डोक्यात कुठनं पोचवायचा त्याची वायर बनली नाय अजून."

कागद दाखवा, असे आप्पा म्हणाले होते. दीपालीने ते शब्दशः घेतले. बुधवारी सकाळी आप्पा आंघोळीला गेल्यावर तिने खिळ्याची वही उतरवली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. ही वही लिहिली गेल्यापासून तिचे वाचन प्रथमच होत होते. लेखकानेही ती कधी वाचलेली नव्हती. पाच वर्षांत एकेचाळीस तक्रारी होत्या. सगळ्या जून ते ऑक्टोबर या महिन्यांतल्या होत्या. त्यांतली एकेचाळिसावी परवाच्या सोमवारची, म्हणजे आप्पांनी स्वतः केलेल्या पराक्रमाची. डिसेंबरात तक्रार नाही. मार्चात नाही. एका वर्षी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस पडला होता, त्याचीही नोंद होती, कारण आप्पा पावसाचीही नोंद घेत. आणि त्याच पानावर, त्याच हस्ताक्षरात, 'दिवाळीला आलेल्या विनोदने नव्या खोलीत रात्रभर क्रिकेट पाहिले, वीज जळते' असा शेरा होता. भिजलेल्या लहरी त्या दिवशी अंगणात पडल्या नव्हत्या. आणि प्रत्येक वर्षीच्या पहिल्या तक्रारीच्या चार-पाच दिवस आधी, ठसठशीत अक्षरांत: 'पत्रे १ ते ११ लावले.'

तिने पाचही वर्षांच्या त्या पानांत काजूच्या पानांच्या खुणा घातल्या आणि आप्पा चहाला बसले तेव्हा वही समोर उघडून ठेवली.

"कागद मागितला होतात."

आप्पांनी चष्मा लावला. पहिली खूण पाहिली, दुसरी पाहिली. तिसरीवर त्यांचे बोट थांबले. त्या क्षणी त्यांना कळले नसेल असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अवमान ठरेल. चौतीस वर्षे तारखा जुळवलेला माणूस होता तो. त्यांना कळले. परंतु कळणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या टेबलांवरच्या गोष्टी आहेत.

"पावसाळ्यात पाऊस असतो आणि पत्रेही असतात," ते अखेर म्हणाले. "दोन्ही एकदम आहेत. त्यातलं कारण कुठलं, हे यावरून सिद्ध होत नाही."

"नोव्हेंबरचा पाऊस?"

"अपवाद."

"आप्पा, उद्या माझी परीक्षा आहे. एक तास. एकच पत्रा. संध्याकाळी मी स्वतः परत लावून देते."

"खिडकीसमोरचा तो सहावा. त्याच्याशिवाय सातवा टेकत नाही. आणि ओटीत झड आली तर? भिंतीला ओल धरली तर? नोकरी गेली तर दुसरी मिळते. तशीही घरात काय कमी आहे तुला? उद्या सकाळी मी हातखंब्याला जाऊन कंपनीला रजिस्टर पत्र टाकतो. बेचाळिसावं. त्याचा परिणाम होईल."

हे शेवटचे वाक्य त्यांनी पुरेपूर श्रद्धेने उच्चारले. परिणाम कधी होईल याविषयी त्यांचे काही म्हणणे नव्हते.

दीपाली उठून मागच्या पडवीत गेली तेव्हा सगुणाबाई खाली बसलेल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे परवाच्या वाऱ्यात पडलेली नारळाची दोन हिरवी चुडते उभी चिरून ठेवलेली होती. त्या पाती एकाआड एक ओवत होत्या. नऊ वर्षे झाप विणला नव्हता, तरी हात अडखळत नव्हते.

"आई, हे काय?"

"उघडी खिडकी ठेवली तर त्यांचं बरोबर ठरंल. झड आत येणारच." त्यांनी पात दाबून बसवली. "पाल्यातनं जातो म्हणाला ना तो पूर्णगडचा? मग पाला लावू. पत्र्याचा पाना कुठं ठेवलाय त्यांनी?"

"माळ्यावर. बोल्टांच्या डब्यात."

"उद्या हातखंब्याला गेले का उतरव. आणि तू आता त्या तक्रारीवाल्यांचं काय ता पाठ कर. हितं बसू नको."

गुरुवारी आप्पा साडेनऊला पिशवी, छत्री आणि बेचाळिसावे पत्र घेऊन निघाले. दहा वाजता दोघींनी स्टूल लावले. क्रमांक सहा हा पत्रा चार बोल्टांनी बसवलेला होता. तीन सुटले, चौथा गंजलेला होता. त्याच्यावर खोबरेल ओतले, वाट पाहिली, पुन्हा पाना लावला. पाना दोनदा सटकला, दीपालीच्या बोटाचे साल निघाले. साडेदहा झाले. तिसऱ्यांदा सगुणाबाई स्वतः स्टुलावर चढल्या आणि नारळ सोलतात त्या बेताने त्यांनी अंगाचा सगळा भार पान्यावर टाकला. बोल्ट कुरकुरला आणि वळला. सातवा पत्रा टेकूवाचून जागेवरच उभा राहिला. तो कधीच सहाव्यावर टेकलेला नव्हता. त्या फटीत झाप बसवून सुतळीने आवळेपर्यंत पावणेअकरा झाले.

दीपाली अंगण ओलांडून धावली. फोनवर तीन रेघा होत्या. ओला झाप काही हिस्सा गिळत असावा. परंतु तिला पाच नकोच होत्या. अकराला दोन मिनिटे असताना तिने कानाला हेडफोन लावले.

आप्पा अकरा वीसला परतले. बसमधून उतरून चालत येताना त्यांना लांबूनच आपल्या ओटीच्या लखलखीत दर्शनी भागात एक हिरवे ठिगळ दिसले असणार, कारण अंगणात शिरतानाच त्यांचा आवाज चढलेला होता.

"कुणी काढला? सहा नंबर कुणी..."

सगुणाबाई पायरीवरून उतरून थेट त्यांच्यासमोर आल्या. पावसातही डोक्यावर काही घेतले नव्हते. "आवाज खाली. आत पोरीची परीक्षा चाललीय."

"माझ्या घराचा पत्रा..."

"एक शब्द बोललात तर उरलेले धा मी आताच उतरवीन. पाना हाय हातात."

तो खरोखरच होता. आप्पांनी पान्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि छत्रीखाली, स्वतःच्या अंगणाच्या मधोमध, उभे राहिले. ते तेथे चाळीस मिनिटे उभे होते. आत जायचे तर पान्याजवळून जावे लागत होते आणि नव्या खोलीकडे जायचे धैर्य नव्हते. नव्या खोलीच्या खिडकीतून दीपालीचा आवाज सलग, कुठेही न तुटता, येत होता: "नाही काका, मशीन खराब नाहीये. मागे भिंतीला टेकवलंय का तुम्ही? टेकवलंय ना? मग चार बोटं पुढे ओढा... हां. आता थरथर थांबली का?" पलीकडचे काका थांबली म्हणत असावेत, कारण ती हसली. एवढ्यात आप्पांच्या खिशातल्या फोनने टुंग असा आवाज केला. विनोदने पाठवलेला कसलासा फोटो होता. अंगणात उभे असताना त्यांच्या फोनवर पावसाळ्यात काही येण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी रेघा मोजल्या. मग फोन बंद केला आणि खिशात टाकला. कुणी बघत तर नाही ना, याची खात्री केली.

बारा वाजता दीपाली बाहेर आली. सगुणाबाईंनी पाना स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, "झाली?"

"झाली. कायम केलं. पहिल्या तारखेपासून."

"चला, जेवा मग. भात निवतोय." आणि नवऱ्याकडे वळून, "तुमीपण या. भिजलाव."

ही गोष्ट येथे संपली असती तर आप्पा कळंबटे यांच्याविषयी थोडा आदर बाळगता आला असता. परंतु जेवणानंतर त्यांनी वही उतरवली. काजूच्या पानांच्या खुणा एकेक करून काढल्या, खिडकीबाहेर टाकल्या, आणि एकेचाळिसाव्या तक्रारीखाली स्वच्छ, वळणदार अक्षरांत लिहिले: 'जावक पत्र क्र. ४२ टपालात पडताच कंपनीने सुधारणा केली. तक्रार निकाली.' तारीख घातली. वेळ घातली. पत्र त्या वेळी हातखंब्याच्या टपाल कचेरीतून निघालेही नव्हते.

दीपालीने ते वाचले. तिने खोडले नाही, काही जोडलेही नाही. पहिल्या तारखेला सुलेमानभाई वायर घेऊन आले तेव्हा ती त्यांना नको म्हणाली. काम चालत होते. वाडीतल्या उरलेल्या सहा घरांनी मात्र आपापल्या ओट्यांवरचा एकेक पत्रा कधी उतरवला हे कुणी आप्पांना कळवले नाही. सगुणाबाईंकडे झाप विणून मागायला बायका येऊ लागल्या, तेव्हा ते आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवीत.

सहा क्रमांकाचा पत्रा अजून मागच्या पडवीत भिंतीला टेकून आहे. झापातून झड थोडी येतेच; ती नेमकी राउटरखालच्या खुर्चीवर येते. आप्पांनी खुर्ची दोन हात डावीकडे सरकवली आहे. ही नोंद वहीत नाही.